थंडीत गाडी उभ्या उभ्या तापवण्याची पार्श्वभूमी

थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवावी, हा सल्ला मुळात चुकीचा नव्हता. तो ज्या इंजिनासाठी होता, ते इंजिन आता रस्त्यावर फारसं दिसत नाही. मधल्या काळात कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला, ऑइल बदललं, चोकची दांडी डॅशबोर्डवरून गायब झाली. सवय मात्र तशीच राहिली.

सुरुवात पेट्रोलपासून करायला हवी. द्रव पेट्रोल जळत नाही, जळते त्याची वाफ. हवा आणि पेट्रोल यांचं वजनाने 14.7 ला 1 हे प्रमाण पूर्ण ज्वलनासाठी लागतं, पण त्यात वाफ झालेलंच पेट्रोल धरायचं. थंड इंजिनात पेट्रोलचे हलके घटक तेवढे उडतात, बाकीचं इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीला ओला थर होऊन चिकटतं. म्हणजे कार्ब्युरेटरने प्रमाणात पेट्रोल सोडलं तरी सिलिंडरपर्यंत पोचणारं मिश्रण पातळच, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं. यावर तोडगा होता चोक. हवेच्या वाटेत एक झडप आडवी करायची, त्यामुळे जेटवरची (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रावरची) ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. 1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत चोकची तार चक्क रेडिएटरच्या बाजूला होती, कारण हँडल मारणारा माणूस तिथेच उभा असायचा. त्या गाडीची आणखी एक गंमत होती. गार ऑइल घट्ट होऊन ट्रान्समिशनच्या क्लचप्लेटा एकमेकींना धरून ठेवत, त्यामुळे हँडल मारताना गाडी पुढे सरकू पाहायची. म्हणून कडाक्याच्या थंडीत लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ती सुरू करत.

दांडी ओढली की झडप आडवी होई, ढकलली की उघडे. चोक आत ढकलायची वेळ साधणं हे खरं कसब होतं. लवकर ढकलला की इंजिन मिसिंग मारतं, गिअर टाकताच बंद पडतं. फार वेळ ओढून ठेवला की सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग ओले, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. चोक आत गेल्यावर गाडीने झटके खाऊ नयेत एवढी ऊब मॅनिफोल्डला यायला काही मिनिटं लागायचीच. ‘गाडी तापू द्या’ या सल्ल्याचा उगम इथे आहे.

पुढे ऑटोमॅटिक चोक आला. दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी थंडीत झडप बंद ठेवायची आणि एक्झॉस्टच्या किंवा विजेच्या उष्णतेने उलगडत ती उघडायची. पण झडप आणि वाढीव आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन चालू राहण्याचा वेग वाढवणारा) कॅम जागेवर बसण्यासाठी सेल्फ मारण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा लागे. आजही काही जण किल्ली फिरवण्याआधी पाय मारतात तो यामुळेच. कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत त्याचा काही उपयोग नाही. उलट सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवला, तर बहुतेक गाड्यांचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ‘प्लग ओले झालेत’ असं समजून पेट्रोलच बंद करतो.

दुसरा धागा ऑइलचा. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने इंजिन ऑइलची जाडीनुसार पहिली वर्गवारी 1911 साली केली. तेव्हाचं ऑइल एकाच ग्रेडचं असे. उन्हाळ्याला योग्य असलेलं ऑइल हिवाळ्यात काकवीसारखं घट्ट व्हायचं, सेल्फला इंजिन फिरवताना दम लागायचा आणि ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचेतो धातूवर धातू घासायचा. अतिथंड प्रदेशांतले वैमानिक रात्री विमानाच्या इंजिनातलं ऑइल गरम असतानाच काढून घेत आणि सकाळी शेगडीवर तापवून परत भरत. 1949 साली अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिनाच्या हेडच्या (वरच्या झाकणाच्या) बोल्टच्या जागी बसणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. आजचे ब्लॉक हीटर याच वंशातले.

मल्टिग्रेड ऑइल 1950च्या दशकात रुळलं आणि ही अडचण बरीचशी मिटली. पातळ ऑइलमध्ये असे पॉलिमर घालतात की तापल्यावर त्यांचे रेणू फुलतात आणि ऑइल गरजेपेक्षा पातळ होत नाही. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. 5डब्ल्यू ऑइलची सेल्फ मारण्याची चाचणी उणे 30 अंश सेल्सिअसला होते, 10डब्ल्यूची उणे 25, 15डब्ल्यूची उणे 20 आणि 20डब्ल्यूची उणे 15. तापमान शून्याच्या आसपास असेल, तर 5डब्ल्यू ऑइल सुरू झाल्यावर काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. त्यासाठी दहा मिनिटं थांबायचं कारण उरत नाही. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू सांगितलेलं असताना स्वस्तात मिळालं म्हणून 20डब्ल्यू-50 भरलं, तर मात्र जुने दिवस परत येतात.

तिसरा आणि निर्णायक बदल इंजेक्शनचा. 1967 साली बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली फोक्सवॅगनच्या 1600 मालिकेत आली. 1976 साली व्होल्वोने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर गाडीत बसवला. चोकचं काम आता कूलंटमधल्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातल्या) एका छोट्या सेन्सरकडे गेलं. तो तापमानाप्रमाणे रोध बदलतो: 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. त्यावरून ईसीयू ठरवतो, पेट्रोल किती जादा द्यायचं, आयडलिंग किती वर ठेवायचं. हे तो धावत्या गाडीतही क्षणोक्षणी करतो, म्हणून गार इंजिन बंद न पडता गाडी ओढतं.

मग जागेवर तापवलं तर बिघडतं काय? आयडलिंगला इंजिन फार कमी पेट्रोल जाळतं, त्यामुळे उष्णताही कमीच तयार होते. लहान इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल खाऊनही तापायला रेंगाळतं, आणि तोवर मिश्रण जाडच, म्हणजे जादा पेट्रोलचं, राहतं. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनांत हे जास्त होतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गार इंजिनात त्याची थोडी वाफ संपमध्ये आणि बरीचशी सायलेन्सरमध्ये थिजते. रोज तापवायचं आणि दोन किलोमीटर जाऊन बंद करायचं, असा वापर असेल तर ऑइल भरायच्या टोपीखाली पिवळट, चिकट थर दिसतो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास, हीदेखील त्याचीच खूण. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर मोजत न बसता लवकर बदलावं आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग पळवावी.

एक्झॉस्टमधला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही. म्हणून नव्या गाड्या सुरू होताच आयडलिंग मिनिटाला 1200-1500 फेऱ्यांवर नेतात आणि स्पार्क मुद्दाम उशिरा देतात, जेणेकरून उष्णता एक्झॉस्टकडे जावी. त्या वेळचा घोगरा आवाज ऐकून बरेच जण गाडी मिस्त्रीकडे नेतात. तो बिघाड नसतो. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवण्याला वाहतूक नियमांतच मनाई आहे आणि गाडी उभ्याने तापवणं त्यात मोडतं. अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं की बहुतेक कंपन्यांच्या मते सुमारे तीस सेकंदांनी सावकाश निघावं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. किल्ली ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, पंप लाइनमध्ये दाब तयार करतो. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. नाही लागली तर अर्धा मिनिट बॅटरीला उसंत द्या, गारठ्यात तिची ताकद आधीच घटलेली असते. सुरू झाल्यावर वीस-तीस सेकंदांत निघा आणि तापमानाचा काटा हलेपर्यंत पेट्रोल गाडी अडीच हजार फेऱ्यांच्या आत ठेवा. रेस देऊन तापवणं हा सर्वांत वाईट प्रकार. पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापतो, फुगतो आणि ओरखडे पडतात. हीटरचा पंखा सुरुवातीला कमी ठेवा, तो इंजिनाचीच ऊब ओढतो. काटा मध्यावर आला म्हणून लगेच पाय दाबू नका, कारण कूलंट तापल्यावरही ऑइल बराच वेळ मागे असतं. टर्बो असलेल्या गाडीत हे विशेष पाळावं. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर तर गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत.

उणे वीसच्या खाली दोन-तीन मिनिटं थांबणं योग्य, आणि ब्लॉक हीटर असेल तर निघण्याआधी दोन-तीन तास लावला की पुरतो. काचेवर बर्फ किंवा धुकं असेल तर ती साफ होईपर्यंत थांबायलाच हवं, पण ते इंजिनासाठी नव्हे. गॅरेजमध्ये मात्र दरवाजा उघडा असला तरी इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तीस सेकंदांनी निघालेली गाडी खरोखरच झटके खात असेल, तर ती ‘थंडीमुळे’ म्हणून सोडून देऊ नका. कूलंट सेन्सर खोटं ‘गरम’ सांगत असेल तर जादा पेट्रोल मिळत नाही आणि सकाळी सेल्फ लांबतो. खोटं ‘गार’ सांगत असेल तर ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) उघडा अडकला असेल तर हायवेवर काटा खाली येतो आणि हीटर कोमटच राहतो. हे दोन्ही भाग स्वस्तातले.

डिझेलचं गणित थोडं वेगळं. जुन्या इंजिनांत ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या विजेच्या प्लगचा) दिवा विझायला पंधरा-वीस सेकंद लागायचे, आता दोन-तीन पुरतात. पण आयडलिंगला डिझेल इतकं कमी जळतं की ते इंजिन उभ्याने जवळजवळ तापतच नाही, उलट काजळीचा फिल्टर भरत जातो. गाडी सुरू होऊन मिनिटभरात बंद पडली, तर डिझेलमधलं मेण थिजून फिल्टर तुंबलाय का ते आधी बघावं.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, पण आधी तापवणं परत आलंय. लिथियम बॅटरी शून्याखाली जोरात चार्ज केली तर ॲनोडवर (बॅटरीच्या ऋण टोकावर) धातुरूप लिथियम साचतं आणि क्षमता कायमची घटते. म्हणून गाडी फास्ट चार्जरकडे जातानाच बॅटरी तापवून घेते. घरी प्लग लावलेला असताना निघायची वेळ सेट केली, तर केबिन आणि बॅटरी बाहेरच्या विजेवर तापतात आणि रेंज वाचते.