वाइड गॅमट म्हणजे अचूक रंग? नाही हो

फोटो एडिटिंगला मॉनिटर घ्यायचा म्हटलं की कुणीतरी सांगतंच, वाइड गॅमट घे, म्हणजे ॲडोबी आरजीबी (रंगांचा एक मोठा ठरलेला संच) ९९ टक्के दाखवणारा, रंग एकदम खरे दिसतील. वर्षानुवर्षं हेच चाललंय. अहो, गॅमट म्हणजे मॉनिटर किती रंग दाखवू शकतो एवढंच, ते बरोबर दाखवतो की नाही हा विषय कॅलिब्रेशनचा, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून जुळवून घेण्याचा. उलट कलर मॅनेजमेंट (फोटोतले रंग स्क्रीननुसार जुळवून दाखवणं) नसलेल्या ॲपमध्ये साधा एसआरजीबी (रंगांचा छोटा, नेहमीचा संच) फोटो वाइड गॅमटवर उघडून बघा, चेहरे लालबुंद, गवत रेडियमसारखं, मग माणूस सॅच्युरेशन कमी करत बसतो आणि तोच फोटो दुसऱ्याच्या साध्या स्क्रीनवर फिका पडतो. एसआरजीबी १९९६ चं असलं तरी इंटरनेटवर अजून बहुतेक तेच चालतं. चांगल्या इंकजेटवर प्रिंट काढणार असाल तर ॲडोबी आरजीबीचा फायदा आहे, मुख्यतः हिरव्या-निळसर छटांमध्ये. नाहीतर एसआरजीबी पूर्ण कव्हर करणारा आयपीएस पॅनलचा (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशात कॅलिब्रेटर. आणि हो, ब्राइटनेस १००-१२० निट्सच्या (निट म्हणजे ब्राइटनेसचं एकक) आसपास ठेवा, फुल ब्राइटनेसवर एडिट केलेले फोटो प्रिंटमध्ये काळवंडतात आणि शिव्या खातो बिचारा प्रिंटर.