कचरा प्रकल्प तपासणारा सरकारी शास्त्रज्ञ व्हायचंय? खान्देशातल्या उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जळगावच्या विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. दवाखान्यांचा, कारखान्यांचा, नगरपालिकेचा कचरा जिथे जातो त्या जागा तपासायला सरकारकडून जो माणूस येतो, त्याच्या जागेवर जायचं तर अर्ज कुठे करायचा? उत्तर देण्याआधी पदाचं नाव नीट समजून घ्यावं लागतं. इथेच पुष्कळांची गल्लत होते.

वाटा दोन आहेत. एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे मंडळ ७ सप्टेंबर १९७० पासून आहे, मुख्यालय मुंबईत सायनला. आपल्याकडे जळगावला उप-प्रादेशिक कार्यालय आहे आणि त्याच्यावर नाशिकचं प्रादेशिक कार्यालय. दुसरी वाट दिल्लीच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची. ते १९७४ च्या जल कायद्याने स्थापन झालं. 'शास्त्रज्ञ' हा शब्द पदाच्या नावातच हवा असेल तर तो केंद्राकडे मिळतो : सायंटिस्ट 'बी'.

राज्य मंडळात प्रकल्पाच्या फाटकातून आत जाऊन तपासणी करतो तो क्षेत्र अधिकारी. वैज्ञानिक पदांची शिडी वेगळी आहे. कनिष्ठ वैज्ञानिक सहायक, कनिष्ठ वैज्ञानिक अधिकारी, वैज्ञानिक अधिकारी अशी ती चढत जाते आणि ही मंडळी मुख्यतः प्रयोगशाळेत असतात. जळगाव-धुळ्याकडे काम करणाऱ्यांसाठी जवळची विभागीय प्रयोगशाळा नाशिकला आहे. म्हणजे 'फिरतीचं काम हवं' म्हणून वैज्ञानिक सहायकाचा अर्ज भरणाऱ्याला दिवसभर बाटल्या आणि ब्युरेट यांच्यासोबत राहावं लागेल. ते काम कमी दर्जाचं मुळीच नाही, पण निवड डोळे उघडे ठेवून करा.

जागा किती निघतात? जानेवारी २०२४ मध्ये मुदत संपलेल्या राज्य मंडळाच्या जाहिरातीत एकूण ६४ पदं होती. त्यात कनिष्ठ वैज्ञानिक सहायकाची १६, कनिष्ठ वैज्ञानिक अधिकाऱ्याची ४ आणि क्षेत्र अधिकाऱ्याचं एकही नाही. केंद्रीय मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ६९ जागांसाठी अर्ज मागवले, त्यात सायंटिस्ट 'बी'च्या २२ होत्या. अर्जाची मुदत ७ ते २८ एप्रिल, जेमतेम तीन आठवडे. या तीन आठवड्यांत जातीचा दाखला काढायला धावणारा उमेदवार मागे पडतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जाहिरात येण्याची वाट न पाहता फाइल आधी तयार करा.

शिक्षणाची अट पदागणिक बदलते. सायंटिस्ट 'बी'साठी संबंधित विषयातली अभियांत्रिकी पदवी किंवा विज्ञानातली पदव्युत्तर पदवी लागते, वयोमर्यादा ३५ वर्षं. अनुसूचित जाती-जमातींना ५ आणि ओबीसींना ३ वर्षांची सवलत आहे. सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. राज्यात सरळसेवेची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तरी शेवटचा शब्द त्या त्या जाहिरातीचाच. पदवीचा विषय जाहिरातीत लिहिलाय तसाच गुणपत्रिकेवर आहे का, हेही पाहून ठेवा. 'पर्यावरणशास्त्र' आणि 'पर्यावरण व भूविज्ञान' असा फरक असला तर विद्यापीठाकडून विषयाच्या खुलाशाचं पत्र आधीच घ्या.

आता कागदपत्रं. खान्देशातली गुणी मुलं परीक्षेपेक्षा इथे जास्त अडकलेली मी पाहिली आहेत. माझ्यासोबत अभ्यास करणारी एक मैत्रीण लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी निघाली. कागदपत्रं तपासताना तिचं नॉन-क्रीमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं) प्रमाणपत्र हातात होतं, पण ते अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेलं. ती तिथून परत आली, तो दिवस मी विसरले नाही.

राज्याच्या भरतीसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पदवी-पदव्युत्तर गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमिलेअर लागतं आणि ते शेवटच्या तारखेला वैध असावं लागतं. खुल्या गटातल्या महिलांना आरक्षित जागेसाठी पूर्वी ते लागायचं. मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट गेली, तरी अजून काही मुली त्यासाठी तहसीलच्या खेपा घालतात. संगणक अर्हतेसाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र ठेवा. २००५ च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं, ते ठरलेल्या नमुन्यातच लिहा.

जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ जातो. इतर प्रवर्गांसाठी जिल्ह्याची जात पडताळणी समिती असते, तर अनुसूचित जमातीच्या दाव्यांसाठी वेगळी समिती, जशी नंदुरबारला आहे. पुरावा वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या नोंदींचा लागतो. तारखा पाठ करून ठेवा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांपूर्वीची नोंद सर्वांत वजनदार. ती गावच्या शाळेच्या दाखल-खारज रजिस्टरमध्ये, कोतवाल बुकात किंवा जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा उतारा आणि वंशावळ जोडा. सातपुड्याच्या पाड्यावरच्या मुलांना हे शोधणं किती कठीण जातं ते मला माहीत आहे, म्हणून बारावीतच सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगते.

केंद्राच्या अर्जात आणखी एक पेच आहे. राज्यातले विमुक्त जाती, भटक्या जमाती हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. चाळीसगावकडच्या तांड्यावरच्या मुलाची जात केंद्राच्या यादीत असेल तर त्याला तिथे ओबीसी म्हणून अर्ज करावा लागतो आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. २०२४ च्या कायद्यातला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्गही केंद्रात नाही. ते उमेदवार निकषांत बसत असतील तर तिथे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला घेऊ शकतात. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या अर्जाला जोडलात तर तो चालत नाही. सेवा केंद्रावर अर्ज देतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा.

अर्ज ऑनलाइनच असतो आणि तो मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, मधल्या नावासकट. फोटो, सही स्कॅन करा, शुल्क भरल्याची पावती आणि अर्जाची छापील प्रत जपून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं.

अभ्यासात विषयाइतकेच नियम येतात. जैव-वैद्यकीय, घातक आणि प्लास्टिक कचऱ्याचे २०१६ चे नियम, ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम, १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा, १९८६ चा पर्यावरण कायदा. दुरुस्त्या होत राहतात, म्हणून राजपत्रातली चालू प्रत वाचा. पाठ करण्यापेक्षा प्रकल्पावर उभं राहिल्याची कल्पना करून वाचलं की लक्षात राहतं. दवाखान्याच्या कचऱ्याच्या भट्टीत पहिल्या कक्षात किमान ८०० अंश, दुसऱ्यात १०५० च्या आसपास तापमान लागतं आणि वायू तिथे निदान दोन सेकंद राहावा लागतो. तपासणारा आधी तापमानाची नोंद पाहतो, मग राख. प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहिला तर त्याची दखल घ्यायची असते. नगरपालिकेच्या डेपोवर वजनकाट्याची वही आणि कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी कुठे जातं, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. ते पाणी शेजारच्या विहिरीत उतरलं तर केळीच्या बागेला आणि घरातल्या माठाला तेच पाणी जातं.

सांडपाण्याचा कायदेशीर नमुना घेताना जल कायद्याचं कलम २१ पाळावं लागतं. प्रकल्पवाल्याला आधी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना दोन भागांत करायचा, दोन्ही बाटल्या सीलबंद करून दोघांनी सही करायची. हा क्रम चुकला तर पाणी कितीही घाण असो, तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. हे कलम मुलाखतीत विचारलं जातं तेव्हा क्रमाने सांगा.

लेखी परीक्षेनंतर कागदपत्र तपासणीला मूळ प्रती आणि स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच न्या. निवड झाली तर नेमणूक जळगावलाच मिळेल असं धरून चालू नका. राज्य मंडळात बदली राज्यभर होते आणि केंद्रीय मंडळात देशभर.

फाइलची सुरुवात शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून, म्हणजे वाडवडिलांच्या दाखल-खारज नोंदीच्या नकलेपासून करा. मे महिन्यात गावच्या शाळा बंद असतात, मुख्याध्यापक भेटत नाहीत आणि जुनी रजिस्टरं कपाटात कुलूपबंद असतात. तेव्हा हा उतारा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढून घ्या.