कमी वारंवारतेवर आपोआप बंद होणारे फीडर: पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीची प्रक्रिया

ग्रिडमधील विजेची मागणी निर्मितीपेक्षा अचानक जास्त झाली, की ५० हर्ट्झ ही वारंवारता घसरू लागते. मोठे जनित्रसंच एकाच वेळी बंद पडले, तर ही घसरण काही सेकंदांत होते आणि नियंत्रण कक्षातून फोन करून फीडर (उपकेंद्रातून निघून एखाद्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी) बंद करायला सांगण्याइतकाही वेळ हातात उरत नाही. त्यासाठी उपकेंद्रांत अंडर-फ्रिक्वेन्सी रिले, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘यूएफआर’, बसवलेले असतात. ठरलेल्या वारंवारतेला ते आपापले फीडर कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता बंद करतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारतीय विद्युत ग्रिड संहितेत यासाठी चार टप्पे दिले आहेत: ४९.४०, ४९.२०, ४९.०० आणि ४८.८० हर्ट्झ. रिले आणि ब्रेकर (रिलेच्या संकेतावर फीडर प्रत्यक्ष तोडणारा स्विच) यांना काम करायला लागतो तेवढाच वेळ. त्यावर जास्तीचा विलंब लावण्यास संहितेने मनाई केली आहे. पंपिंग करत असलेले उदंचन जलविद्युत संच (पाणी वरच्या जलाशयात चढवून ठेवणारे) आणि चार्ज होत असलेल्या साठवण यंत्रणा पहिल्या टप्प्याच्या आधीच आपोआप सुटल्या पाहिजेत. लोकांची वीज जाण्याआधी पंप थांबावेत, हा क्रम मला अत्यंत योग्य वाटतो.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाचा मोठा भाग अंधारात गेला. त्यानंतरच्या चौकशीत असे दिसले, की या रिलेंकडून जेवढा भार कमी व्हायला हवा होता तेवढा झाला नव्हता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी जोडला गेला आणि तेव्हापासून साऱ्या देशाची वारंवारता एकच आहे. एका राज्यात कमी पडलेल्या भारकपातीचा फटका आता सर्वांनाच बसतो. म्हणून अनुपालन म्हणजे रिले बसवल्याचा दाखला नव्हे, तर फीडर बंद होईल त्या क्षणी त्यावर खरोखर किती मेगावॉट होते, याचा हिशेब.

कोणता फीडर पात्र ठरतो

निवडलेले फीडर राज्यभर सारखे विखुरलेले असावेत. नियोजित भारनियमन, अनियोजित भारनियमन, यूएफआर व डीएफ-डीटी (वारंवारता घसरण्याच्या वेगावर चालणारी योजना) आणि विशेष संरक्षण योजना असे खंडित करता येणाऱ्या भाराचे चार गट असतात आणि एक फीडर दोन गटांत येता कामा नये. याचे कारण सरळ आहे. जो फीडर भारनियमनामुळे सकाळपासून बंदच आहे, तो संकटाच्या वेळी दुसऱ्यांदा बंद करता येत नाही. रुग्णालये, पाणीपुरवठा आणि तत्सम अत्यावश्यक सेवांचे फीडर निवडीतून बाजूला ठेवले जातात.

महाराष्ट्रात सर्वाधिक चूक शेतीच्या फीडरबाबत होते. कृषी फीडरला तीन फेज पुरवठा पाळीने मिळतो. पाळी नसताना त्यावर भार जवळजवळ नसतो. त्यातच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील प्रकल्प ३३/११ केव्ही उपकेंद्रांना जोडले जात आहेत. समजा, तुम्ही ३३ केव्ही फीडर १२ मेगावॉटचा म्हणून यादीत घातला आणि त्यावरच्या उपकेंद्राला ५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जोडलेला आहे. भर दुपारी तो फीडर तुटला, तर १२ मेगावॉट मागणी जाते आणि तिच्यासोबत ५ मेगावॉट निर्मितीही जाते. ग्रिडला दिलासा मिळतो तो सातचाच. दुपारी फीडर उलटा वाहत असेल, म्हणजे सौर निर्मिती मागणीपेक्षा जास्त होऊन वीज ग्रिडकडे जात असेल, तर तो तोडल्याने वारंवारता सावरण्याऐवजी आणखी खाली जाईल. म्हणून फीडर सुचवण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्षाची लॉगशीट (उपकेंद्रातील भाराची नोंदवही) तासागणिक पाहावी आणि सर्वोच्च भाराचा आकडा लिहून मोकळे होऊ नये.

कागदपत्रे

विहित नमुना वितरण कंपनीच्या मंडळ कार्यालयाकडून घ्यावा. सोबत उपकेंद्राचा एकरेषीय आराखडा, फीडरचे नाव व व्होल्टेज, वेगवेगळ्या ऋतूंतील आणि वेळांमधील भार, फीडरवरील सौर किंवा अन्य निर्मितीचा तपशील, रिलेची बनावट व सेटिंग, तसेच फीडर दुसऱ्या गटात नसल्याचे पत्र तयार ठेवावे. या सर्वांत महत्त्वाचा कागद टेस्टिंग विभागाचा चाचणी अहवाल होय आणि तो वाचायलाही शिकले पाहिजे. टेस्ट किटमधून ५० हर्ट्झपासून हळूहळू वारंवारता कमी करत ४९.४० ला रिले कार्यरत झाला, एवढे लिहिलेला अहवाल अपुरा आहे. रिलेचा संकेत ट्रिप कॉइलपर्यंत (ब्रेकर उघडणाऱ्या कॉइलपर्यंत) पोहोचून ब्रेकर खरोखर उघडला का, याची स्वतंत्र नोंद हवी. देखभालीच्या वेळी पॅनेलवरची ट्रिप लिंक (हा संकेत ब्रेकरकडे नेणारी जोडणी) सैल करून ठेवली जाते आणि काम संपल्यावर ती घट्ट करायची राहून जाते. दिवा लागतो, अलार्म वाजतो आणि ब्रेकर मात्र जागचा हलत नाही.

मंजुरीचा मार्ग

वितरण कंपनी आणि महापारेषण (राज्याची पारेषण कंपनी) यांच्या स्थानिक कार्यालयांनी संयुक्तपणे ठरवलेला प्रस्ताव ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या ग्रिडच्या नियंत्रण केंद्राकडे, जातो. राज्याची योजना स्थानिक भार व निर्मिती यांच्या ताळमेळानुसार तयार होते आणि तिला मुंबईतील पश्चिम क्षेत्रीय विद्युत समितीची मंजुरी लागते. मंजूर फीडर परस्पर बदलू नये. फीडरचे विभाजन झाले किंवा भार दुसरीकडे वळवला, तर पर्यायी फीडरसह दुरुस्तीचा प्रस्ताव त्याच मार्गाने पाठवावा.

मंजुरीनंतरचे काम अधिक चिवट आहे. प्रत्येक फीडरचा मेगावॉट प्रवाह आणि ब्रेकरची स्थिती राज्य भार प्रेषण केंद्राला त्या-त्या क्षणी दिसली पाहिजे. केंद्राने या फीडरच्या एकत्रित भारावर सतत लक्ष ठेवून दरमहा अपवाद अहवाल क्षेत्रीय समितीला द्यायचा असतो. एकत्रित भार योजनेत गृहीत धरलेल्या पातळीखाली किती काळ राहिला, हे प्रादेशिक भार प्रेषण केंद्र दर तिमाहीला कळवते. त्यावर सुधारणा झाली नाही, तर समिती कारवाई सुरू करू शकते. समिती रिलेंची अचानक तपासणीही करते. त्या दिवशी चाचणी अहवालाची फाईल उपकेंद्रातच असावी.

प्रत्यक्ष ट्रिपिंग झाल्यास ऑपरेटरने राज्य भार प्रेषण केंद्राच्या सूचनेशिवाय फीडर पुन्हा चालू करू नये. वारंवारता, अचूक वेळ आणि ट्रिप होण्यापूर्वीचा भार लगेच लॉगशीटवर लिहावा, कारण किती मेगावॉट दिलासा मिळाला याचा अहवाल याच नोंदींवरून बनतो.

उद्योगांनी आपला फीडर या योजनेत आहे का, हे विभागीय कार्यालयात ग्राहक क्रमांकासह लेखी विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर ज्या प्रक्रियेला क्षणाचाही खंड चालत नाही तिच्यासाठी स्वतःची पर्यायी व्यवस्था ठेवावी, कारण या तुटण्याची पूर्वसूचना कोणालाच मिळत नाही.