मूळ संख्या आणि सहमूळ संख्या: कोल्हापूरच्या पिन कोडवरून

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी मुले ‘सहमूळ संख्या म्हणजे दोन मूळ संख्या’ असे सहज लिहून जातात, आणि ते चूक आहे. मूळ असणे हा एकट्या संख्येचा गुण आहे. जिला 1 आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या. सहमूळ असणे हे दोन संख्यांमधले नाते आहे. त्यांचा मसावि 1 असला की त्या सहमूळ, मग त्या स्वतः मूळ असोत वा संयुक्त.

8 आणि 9 हे नेहमीचे उदाहरण मुले पाठ करून टाकतात, म्हणून मोठ्या संख्या घेणे मला अधिक योग्य वाटते. कोल्हापूर शहरातला एक पिन कोड 416001 आहे आणि तिथल्याच राजारामपुरीचा 416008. पहिल्या संख्येचे मूळ अवयव 3 × 23 × 6029 आणि दुसरीचे 2 × 2 × 2 × 149 × 349 असल्याने दोन्ही संयुक्त आहेत, तरीही परस्परांशी सहमूळ आहेत. विशेष म्हणजे, हे अवयव न पाडताही कळते: दोन्ही संख्यांना भागणाऱ्या विभाजकाने त्यांच्या फरकालाही भाग गेलाच पाहिजे, फरक 7 आहे, आणि 416001 ला 7 ने भागल्यास बाकी 5 उरते. शिवाजी विद्यापीठाच्या 416004 शी तुलना केली तर फरक 3 येतो, 3 ने दोन्हींना भाग जातो, त्यामुळे ही जोडी सहमूळ नाही.

मूळपणा तपासताना असा एका वजाबाकीचा आधार मिळत नाही. 416001 मध्ये अंकांची बेरीज 12 आल्यामुळे 3 लगेच सापडला. पण एवढीच मोठी संख्या खरोखर मूळ असती, तर साध्या भागाकाराच्या रीतीने तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 645 पेक्षा लहान अशा सर्व 117 मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागले असते.

संख्या शेकडो अंकी झाल्या की हे अंतर फारच वाढते. मसाविसाठी युक्लिडची रीत आहे: मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, मग लहान संख्येला बाकीने, असे बाकी शून्य होईपर्यंत. आर्यभटाने 499 मध्ये मांडलेल्या कुट्टकातही असाच क्रमाक्रमाने भागाकार येतो, आणि युक्लिडच्या रीतीने संगणक 617 अंकी दोन संख्यांचा मसावि क्षणात काढतो. अवयव न पाडता मूळपणा ठरवण्याची, अंकांच्या संख्येच्या एका ठरावीक घाताच्या मर्यादेत वेळ घेणारी आणि निःसंशय उत्तर देणारी पद्धत मात्र 2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीला हे दोन्ही गुण लागतात. तिच्यात प्रथम दोन प्रचंड मूळ संख्या निवडतात. त्यानंतर त्या प्रत्येकीतून 1 वजा करून आलेल्या संख्यांचा गुणाकार करतात, आणि संदेश सांकेतिक करण्यासाठी त्या गुणाकाराशी सहमूळ असलेला घातांक घेतात. निवडलेल्या दोन्ही मूळ संख्या विषम असल्यामुळे त्या गुणाकाराला 4 ने भाग जातोच, म्हणजे घातांक ज्या संख्येशी सहमूळ असतो ती संख्या स्वतः कधीच मूळ नसते.