गुलाबी पानांवरून वेल नर ठरत नाही
कडाक्याच्या थंडीत टिकणाऱ्या किवीच्या एका जातीत, अ‍ॅक्टिनिडिया कोलोमिक्टात, पानांची टोकं पांढरी-गुलाबी झाली की ती वेल नर, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. नर वेलीवर हा रंग बहुधा जास्त उठून दिसतो, एवढंच. मादी वेलीवरही तो येतो, आणि लहान किंवा सावलीतल्या वेलीची पानं, ती नर असो वा मादी, साधी हिरवीच राहू शकतात. या समजुतीपायी किती चांगल्या मादी वेली उपटल्या गेल्या असतील!

खरी ओळख फुलात. मादी फुलाच्या मध्यभागी फुगीर अंडाशय आणि त्यावर चक्राच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या पांढऱ्या कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारी टोकं, दिसतात. नर फुलात नुसता पुंकेसरांचा झुपका. फसगत इथेही होते, कारण मादी फुलातही पुंकेसर असतात. त्यांतले परागकण मात्र निकामी. म्हणून अंडाशयच शोधा. फुलं यायला काही वर्षं लागतात, तोवर निवाडा करू नका.

परागणासाठी एक नर सहा-आठ मादी वेलींना पुरतो. मजबूत मांडव आणि निचऱ्याची जमीन हवी. फळं गुळगुळीत, सालासकट खायची. सुप्तावस्थेतली वेल उणे ३० अंशांतही तगते, पण वसंतात फुटलेले कोवळे कोंब उशिराच्या हिमाने करपतात. तेवढ्या रात्री ते झाकावेत.