आराखड्यात नाव आहे, पण कुठल्या?

"साहेब, वस्तीचा रस्ता आमच्या आराखड्यात एक नंबरला आहे. दोन वर्षं झाली."

"कुठल्या आराखड्यात, सरपंच?"

"कुठल्या म्हणजे? आराखड्यात!"

पंचायत समितीच्या आवारातल्या बांधकाम उपविभागात माझ्या कामासाठी बसलो होतो, तेव्हा कानावर पडलेला हा संवाद. सरपंचांनी पिशवीतून फोल्डर काढून टेबलावर ठेवलं. ग्रामसभेचा ठराव, सूचक, अनुमोदक, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. शाखा अभियंत्यांनी पानं चाळली आणि सांगितलं, "हा गावचा आराखडा. तुमच्या रस्त्याएवढा पैसा जिल्ह्याच्या आराखड्यातून येतो. तिथं तुमचा साधा अर्जही नाही." दुसऱ्याच्याच मांडवात आहेर करून आल्यासारखा सरपंचांचा चेहरा झाला.

चूक त्यांची एकट्याची नाही. आपल्याकडे दोन्ही कागदांना बोलताना 'आराखडा'च म्हणतात. एक ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे जीपीडीपी. दुसरी जिल्हा वार्षिक योजना, जिला सगळे 'डीपीसीचा (म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा) आराखडा' म्हणतात. जुने कार्यकर्ते अजून 'डीपीडीसी' म्हणतात, कारण आधीच्या व्यवस्थेचं नाव जिल्हा नियोजन व विकास परिषद असं होतं. दोन्हींत कामांची यादी असते, दोन्ही वर्षाला होतात, दोन्हींत 'प्राधान्यक्रम' हा शब्द येतो. फरक आहे तो या शब्दाच्या वजनात. गावच्या आराखड्यातला पहिला नंबर हा निर्णय असतो. जिल्ह्याच्या दारात तोच पहिला नंबर म्हणजे नुसती मागणी.

आधी गावचा कागद बघू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यातल्या कलम २४३जी आणि अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांच्या आधारे पंचायतींनी स्वतःचं नियोजन करावं अशी कल्पना होती. पैसा हातात नव्हता, त्यामुळे ती बरीच वर्षं कागदावर राहिली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामीण भागाचं अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिलं आणि महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने आराखडे सुरू झाले. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला.

वॉर्डसभा, महिला सभा आणि मग ग्रामसभा अशा क्रमाने यादी पक्की होते, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढते आणि पैसेही त्याच वाटेने ऑनलाइन निघतात. यादीत नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. कामाला प्रशासकीय मान्यता ग्रामपंचायतच देते, तांत्रिक मान्यता मात्र अभियंत्याकडून घ्यावी लागते. म्हणजे या पैशापुरता गावाचा शब्द खरोखर चालतो.

पण 'या पैशापुरता' हे शब्द विसरायचे नाहीत. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख आले. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या नियमाप्रमाणे त्यातले ६ लाख बंधित: निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं वगैरेंसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरले ४ लाख अबंधित, तेही पगार आणि आस्थापना सोडून. त्यातून अंगणवाडीची दुरुस्ती, दिवाबत्ती आणि गटाराचा एखादा तुकडा झाला की वर्ष संपलं. दीड किलोमीटरचा डांबरी रस्ता त्यात बसणं शक्यच नाही. घरपट्टी-पाणीपट्टीचं स्वतःचं उत्पन्न असतं, पण त्यातूनही मागासवर्गीयांसाठी १५, महिला व बालकल्याणासाठी १० आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के आधीच बाजूला ठेवावे लागतात.

मग रस्ता गावच्या आराखड्यात आलाच कसा? आराखडा करताना इतर योजनांशी सांगड घाला असं सांगितलेलं असतं, आणि त्या सदराखाली काय लिहावं याला लगाम नसतो. रस्ता लिहा, पूल लिहा, सभागृह लिहा. मी पाहिलेल्या काही आराखड्यांत गावाच्या दहा वर्षांच्या उत्पन्नाएवढी कामं एका वर्षात लावलेली होती. ग्रामसभेत कुणाला 'नाही' म्हणायचं नसतं, ग्रामसेवकालाही नसतं (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात बदलायला वेळ लागेल). यादी लांबते आणि जिच्यावर गावाचा हक्क चालतो तो भाग आणि जिथे फक्त हात जोडायचे तो भाग, दोन्ही एकाच छापील तक्त्यात शेजारी शेजारी बसतात. घोळ इथूनच सुरू होतो.

आता जिल्ह्याचा कागद. कलम २४३झेडडी प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असते. महाराष्ट्रात तिच्यासाठी १९९८ चा कायदा आहे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातला. जिल्ह्याला मर्यादा ठरवून मिळते आणि समिती ती वाटते. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती घटकांसाठीची योजना आणि आदिवासी घटकांसाठीची योजना हे त्यातले वेगळे प्रवाह. एकातला पैसा मनाला येईल तसा दुसऱ्यात वळवता येत नाही.

प्रवाहाच्या आत लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाचे ठरलेले, क्रमांक दिलेले खण असतात आणि खरी गंमत तिथे आहे. गाव विचार करतं गरजेच्या भाषेत: रस्ता नाही, स्मशानभूमीला शेड नाही, शाळेची खोली गळते. जिल्हा विचार करतो लेखाशीर्षाच्या भाषेत. ढोबळमानाने सांगायचं तर ग्रामीण मार्गांना ३०५४, इतर जिल्हा मार्गांना ५०५४. स्मशानभूमी आणि ग्रामपंचायत कार्यालय 'जनसुविधा' योजनेत. मोठ्या ग्रामपंचायतींना 'नागरी सुविधा' योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीत काम हवं असेल तर त्या वस्तीचं नाव पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात असायला हवं. हा तिसरा आराखडा, म्हणजे गोंधळात आणखी भर! मागणी कुठल्याच खणात बसत नसेल तर ती कितीही खरी असो, टेबलावरून पुढे सरकत नाही.

त्या सरपंचांच्या रस्त्याचं नेमकं हेच झालं होतं. अभियंत्यांनी विचारलं, "ग्रामीण मार्ग क्रमांक किती?" क्रमांक नव्हता. रस्ता मुळात शिवेवरची पाणंद. वस्ती वाढली, ट्रॅक्टर जायला लागले, मुरूम पडला, शाळेची गाडी यायला लागली. लोकांच्या लेखी तो रस्ताच, पण जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या यादीत तो अस्तित्वातच नव्हता. ज्या रस्त्याला क्रमांक नाही त्याला ३०५४ मधून पैसा मिळत नाही. पाणंद म्हणूनच तो करायचा तर वाट वेगळी. २०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना मनरेगाच्या सांगडीवर उभी होती, तिची कागदपत्रं आणि तिचं टेबल दोन्ही निराळं. म्हणजे पहिल्या नंबरच्या रस्त्याला आधी स्वतःची ओळख सिद्ध करायची होती.

क्रमांक असता तरी पुढे आणखी प्रश्न होतेच. जागा कुणाच्या नावावर? स्मशानभूमीच्या कामात सातबारा ग्रामपंचायतीचा किंवा शासनाचा नसेल तर प्रस्ताव परत येतो. हे काम आधी दुसऱ्या योजनेतून झालेलं नाही असा दाखला आहे का? देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल असा ठराव आहे का? अंदाजपत्रक चालू दरसूचीप्रमाणे आहे की जुन्या फायलीतून उचललंय? हे चार कागद नसल्याने मागे राहिलेली गावं मी जास्त पाहिली आहेत, राजकारणाने मागे राहिलेली त्या मानाने कमी. अर्थात शिफारशीचं वजन नसतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. एका खणात पन्नास पात्र कामं आणि पैसा दहांचा, तेव्हा कोणती दहा हे पत्रांवर ठरतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि पैसा तरी किती उरतो? बैठकीत 'जिल्ह्याचा आराखडा मंजूर' अशी बातमी येते, आकडा मोठा असतो, आणि गावोगावी वाटतं की आता कामांचा पाऊस पडणार. त्या आकड्यातून आधी दायित्व वजा होतं, म्हणजे मागच्या वर्षांत मंजूर झालेल्या आणि अजून बिल बाकी असलेल्या कामांचा पैसा. हिशेब असा: तरतूद वजा दायित्व, आणि जे उरेल त्याच्या दीडपट नवीन कामं धरायची. एखाद्या शीर्षाखाली १० कोटी तरतूद आणि ६ कोटी दायित्व असेल, तर उरले ४ कोटी. नवीन कामं घ्यायची ६ कोटींची. ही दीडपट कामंच पुढच्या वर्षाचं दायित्व होऊन बसतात. म्हणून तरतूद वाढली तरी नवीन कामांची यादी त्या मानाने वाढत नाही. तुमच्या तालुक्याच्या वाट्याला किती आलं हे विचारण्याआधी त्या शीर्षाचं दायित्व किती, हे विचारा. ते कळलं की यंदा जोर लावायचा की पुढच्या वर्षाची तयारी करायची, याचा अंदाज येतो.

वेळापत्रकही जुळत नाही. गावच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रारूपासाठी विभागांकडून मागण्या गोळा होतात त्याही साधारण हिवाळ्यातच, जानेवारीच्या आसपास समितीची बैठक, मग राज्यस्तरावर चर्चा, मार्चमध्ये अर्थसंकल्प. ग्रामसभेचा ठराव डिसेंबरअखेर होऊन तालुक्याला पोचेपर्यंत जिल्हा परिषदेच्या विभागाने आपली मागणी देऊन टाकलेली असते.

खरं तर घटनेत हे दोन कागद एकमेकांना जोडलेलेच आहेत. पंचायती आणि नगरपालिकांनी केलेल्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा मसुदा बनवणं हेच नियोजन समितीचं काम, असं २४३झेडडी म्हणतं. शिवाय समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांतून निवडून आलेले असावेत, असंही. प्रत्यक्षात २०२२ पासून पुढे बराच काळ राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांवर प्रशासक होते. जिथे सदस्यच नाहीत तिथे त्यांच्यातून निवडून कोण येणार? त्या काळात गावच्या यादीला जिल्ह्यात आवाज देणारा जिल्हा परिषद गटाचा सदस्य नव्हता आणि ते काम आमदारांच्या पत्रांवर आलं. माझ्या मते आराखड्याच्या नमुन्यातल्या कुठल्याही त्रुटीपेक्षा हे नुकसान मोठं होतं.

जाता जाता एक खुलासा, कारण इथेही फसगत होते. 'पंचवीस-पंधराचं काम' डीपीसीचं नसतं. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं शीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांसाठी, आणि मंजुरी मंत्रालयातून येते. आमदार स्थानिक विकास निधी, वर्षाला ५ कोटी, तो आणखी वेगळा: सुचवतात आमदार, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. यांतल्या कुठल्याही कामाचा फलक लागला म्हणून जिल्हा योजनेतलं तुमचं काम झालं असं होत नाही. उलट तेच काम दोन्हीकडे मागितलं असेल तर दुबार म्हणून एक जागा फुकट जाते.

गावाने करायचं काय, तर यादी दोनदा लिहायची. पहिली आपल्या पैशाची: उत्पन्न जेवढं तेवढीच कामं, क्रम काटेकोर, आणि त्यावर ग्रामसभेत खुशाल भांडावं, कारण त्या भांडणातून खरोखर काहीतरी ठरतं. दुसरी यादी मागणीची. तिच्यात पंचवीस कामं नकोत, तीन पुरेत. प्रत्येकाचा ठराव वेगळा, ठरावात लेखाशीर्ष लिहिलेलं, रस्ता असेल तर क्रमांक, इमारत असेल तर सातबारा, सोबत दाखले. आणि हे पावसाळा संपायच्या आत, थांबायचं असेल तर फार तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत. सात कामं एका ठरावात कोंबली की ती फाईल सात विभागांपैकी नेमक्या कुणाच्या टेबलावर ठेवायची, हे आवक-जावक लिपिकालाही कळत नाही.

सरपंच त्या दिवशी चहा न घेताच उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "साहेब, क्रमांकासाठी ठरावात काय लिहू?" अभियंत्यांनी मागचा कोरा कागद ओढून घेतला आणि लिहून दिलं: 'मौजे गावठाण ते वस्ती या रस्त्यास ग्रामीण मार्ग दर्जा व क्रमांक मिळणेबाबत.' खाली दोन ओळी सोडून: 'लांबी मोजून लिहा. अंदाजे नको.'