रेनकोट फाल्कचा, कोलंबोही फाल्कचाच

अमेरिकी टीव्हीवरचा गबाळा पोलीस तपास अधिकारी लेफ्टनंट कोलंबो म्हटलं की नट पीटर फाल्कच डोळ्यांसमोर येतो. पण ही भूमिका त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीने कोलंबो घडवला, तेव्हा त्यांच्यापुढे दोस्तोयव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' या कादंबरीतला तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच होता. अघळपघळ गप्पा मारत संशयिताला कोंडीत पकडणारा. 1960 मध्ये अमेरिकी टीव्हीवर बर्ट फ्रीडने कोलंबो पहिल्यांदा साकारला. 1962 मध्ये त्याच कथेचं नाटक आलं, त्यात सत्तरीतला थॉमस मिचेल कोलंबो झाला. परत फिरून 'अजून एक गोष्ट' विचारायची लकब या नाटकातलीच. प्रवेश लिहून झाल्यावर एक प्रश्न राहिल्याचं लेखकांच्या लक्षात आलं. पुन्हा सगळं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी कोलंबोलाच दारातून माघारी आणलं.

1968 मध्ये टीव्हीपट करायचं ठरलं तेव्हा लेखकांना वयस्कर नट हवा होता. गायक-नट बिंग क्रॉसबीने नकार दिला आणि चाळिशीचा फाल्क आला. तो टीव्हीपट आज बघताना चकित व्हायला होतं. केस नीट कापलेले, बोलण्यात धार. खुनी डॉक्टरला साथ देणाऱ्या तरुणीवर तर हा कोलंबो चक्क आवाज चढवतो. आपला कोलंबो अजून यायचा होता.

1971 मध्ये एनबीसी वाहिनीवर मालिका सुरू झाली आणि फाल्कने भूमिकेत आपलं घर थाटलं. रेनकोट त्याचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्ये एकदा पावसात सापडला तेव्हा घेतलेला. बूटही त्याचेच. खिळखिळी प्युजो 403 त्यानेच स्टुडिओच्या गाड्यांतून निवडली. चित्रीकरण चालू असताना तो मध्येच खिसे चाचपायचा, समोरच्याकडे पेन्सिल मागायचा. समोरचा नट क्षणभर खरोखरच गोंधळायचा, आणि खुन्याच्या चेहऱ्यावर नेमकं तेच हवं असायचं.

माझ्या मते सगळ्यात मोलाची देणगी मात्र त्याने ठरवून दिलेली नाही. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे फाल्कचा उजवा डोळा काढावा लागला होता. तिथे काचेचा डोळा होता. त्यामुळे कोलंबो मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघतो, तेव्हा त्याची नजर नेमकी कुठे आहे ते कळत नाही. कागदावर कोलंबोचा साधेपणा हा डाव होता. फाल्क नट होण्याआधी कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प कार्यालयात नोकरी करत होता. फायलींत बुडालेल्या, नेटाने काम करणाऱ्या माणसाची चिकाटी त्याच्या कोलंबोत दिसते. म्हणून साधेपणा खरा वाटतो. श्रीमंत, सुशिक्षित खुनी त्याला हलक्यात घेतात, कारण त्यांना खरोखरच कुणीतरी साधा माणूस भेटलेला असतो.

एनबीसीवर 1978 पर्यंत, मग 1989 पासून 2003 पर्यंत एबीसीवर फाल्क कोलंबो करत राहिला. या एका भूमिकेने त्याला टीव्हीचे चार एमी पुरस्कार मिळवून दिले. 2011 मध्ये तो गेला. 2014 मध्ये बुडापेस्टमध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तो ज्या रस्त्यावर आहे, त्याला नाव एकोणिसाव्या शतकातल्या मिक्शा फाल्क या हंगेरियन राजकारण्याचं. पुतळा मात्र डोकं खाजवणाऱ्या, रेनकोटातल्या कोलंबोचा, पायाशी त्याचा कुत्रा.